बिझटॉकमधील अडॅप्टरांची व्यवस्था
मायक्रोसॉफ्टच्या, २००० साली प्रथम प्रसृत झालेल्या, बिझटॉक सर्व्हर या प्रणालीत भिन्न संगणकयंत्रणांमधील संदेशांची आवकजावक अडॅप्टरांच्या हवाली असते. कोणता अडॅप्टर कोणत्या ‘होस्ट’च्या, म्हणजे प्रक्रियांच्या तार्किक गटाच्या, अखत्यारीत चालावा, याचा बंदोबस्त व्यवस्थापकाने आरंभीच करणे इष्ट. पाठवणी निष्फळ ठरल्यास, निराळा हुकूम नसेल तर, ५ मिनिटांच्या अंतराने ३ पुनःप्रयत्न होतात. विशेष दक्षता हवी ती एफटीपीमार्गे होणाऱ्या आवकेची: तेथे फाइल कुलूपबंद करण्याची सोयच नसल्यामुळे, दोन होस्ट-इन्स्टन्स (होस्टच्या सर्व्हरवर चालू असलेल्या प्रती) एकाच फोल्डरमधून एकदम वाचू लागले, तर एकच हुंडी दोनदा वटावी तसा एकच संदेश दोनदा दाखल होण्याचा संभव असतो, म्हणून एका वेळी एकच इन्स्टन्स कार्यरत ठेवणे आणि तो बंद पडल्यास क्लस्टरमधील दुसऱ्याने त्याची जागा घेणे, हीच माझ्या मते निर्धोक रीत.