ऑनलाइन उच्च शिक्षण आणि शिक्षकाचा वेळ

उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये निश्चित करण्यात आले. २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार हे प्रमाण २८.४ टक्के होते. केवळ नव्या इमारती उभारून ही तफावत भरून निघणे कठीण असल्याने ऑनलाइन शिक्षणाला महत्त्व प्राप्त झाले. २०१७ मध्ये सुरू झालेले 'स्वयम्' हे त्याचे प्रमुख साधन होय. एका सत्रातील किती अभ्यासक्रम 'स्वयम्'द्वारे पूर्ण करता येतील, याची विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये ठरविलेली २० टक्क्यांची मर्यादा २०२१ मध्ये ४० टक्के झाली.

खर्चाचे स्वरूप

ध्वनिचित्रित व्याख्यानाचा स्थिर खर्च मोठा असला, तरी प्रत्येक वाढीव विद्यार्थ्यामागील सीमांत खर्च नगण्य असतो. 'स्वयम्'च्या चार अंगांपैकी व्याख्याने, वाचनसाहित्य आणि स्वयंमूल्यमापन यांना हे लागू पडते. शंकानिरसनाची चर्चा या चौथ्या अंगाला मात्र ते लागू पडत नाही. तेथे विद्यार्थिसंख्येबरोबर शिक्षकाचा वेळही वाढत्या प्रमाणात लागतो.

उदाहरणार्थ, किंमत १० टक्के वाढून मागणी २० टक्के घटल्यास मागणीची लवचिकता २ येते. विद्यार्थ्याने उलटा भागाकार करून ०.५ उत्तर दिले, तर यांत्रिक चाचणी ते चूक ठरवील; परंतु त्याच्या संकल्पनेत गफलत कोठे झाली, हे शिक्षकच त्याच्याशी बोलून ओळखू शकतो.

वाराणसीतील प्रारंभ

म्हणूनच शिक्षकाची सिद्धता हा कळीचा प्रश्न ठरतो. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठ स्थापन झाले. त्यांच्या नावाच्या राष्ट्रीय शिक्षक व अध्यापन अभियानाचा प्रारंभ २५ डिसेंबर २०१४ रोजी याच शहरात झाला. शिक्षक-शिक्षणासाठीचे आंतरविद्यापीठ केंद्रही येथेच आहे. २०२३ मध्ये या अभियानाची पुनर्रचना होऊन देशभरातील १११ केंद्रांमार्फत मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यातील काही वर्ग ऑनलाइन भरत असल्याने पडद्यासमोरील विद्यार्थ्याची अडचण शिक्षकालाही अनुभवता येते.

तात्पर्य, व्याख्यानांवर होणारी बचत शंकानिरसन व स्वाध्याय-तपासणी करणाऱ्या शिक्षकांवर खर्च झाली, तरच ४० टक्क्यांची सवलत विद्यार्थ्याच्या हिताची ठरेल. ती शिक्षकांची पदे रिक्त ठेवण्याचे निमित्त झाली, तर नोंदणी वाढूनही शिक्षणाची गुणवत्ता वाढणार नाही.