टांचेवरील दोरी

टांचेच्या वर मागील बाजूस चांचपून पाहिलें असतां एक टणक दोरी हातास लागते. तीस अकिलीसची कंडरा म्हणतात. ग्रीक वीर अकिलीस यास त्याच्या मातेनें स्टिक्स नदींत बुडविलें, तेव्हां हातीं धरलेली टांच तेवढी कोरडी राहिली व पुढें तेथेंच बाण लागून तो पडला, अशी कथा आहे. पोटरीचे स्नायु या दोरीनें टांचेच्या हाडास जोडलेले असतात. शरीरांतील सर्वांत बळकट कंडरा हीच. मग ती तुटते कां?

हाडापासून सुमारें २ ते ६ सेंटिमीटर उंचीवर तीस रक्ताचा पुरवठा थोडा असतो, व बहुधा ती तेथेंच तुटते. तिशीनंतर तिचा चिवटपणाही कमी होतो. आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारीं एकदम धांवणाऱ्या गृहस्थांस हा अपघात विशेष घडतो. (क्रीडादिनीं पालकांशीं सामना खेळणारे आम्ही शिक्षक त्यांतच मोडतों!) सिप्रोफ्लॉक्सासिनसारखीं कांहीं औषधेंही तीस दुर्बळ करितात.

तुटतांना कोणीं मागून लाथ मारिली असा भास होतो; वळून पाहावें तों कोणी नसतें. पुढें थोडेंबहुत चालतां येतें, म्हणून पाय मुरगळला असें समजून कित्येक जण लेप लावीत बसतात. ही चूक महागांत पडते. रोग्यास पालथें निजवून पोटरी दाबिली असतां पाऊल हालत नसेल, तर कंडरा तुटली असें डॉक्टर ओळखतात.

बास्केटबॉलपटु कोबी ब्रायंट याची कंडरा १२ एप्रिल २०१३ रोजीं तुटली. तशाच पायानें त्यानें दोन फ्री थ्रो टाकिले, व दोन्ही साधले! आठ महिन्यांच्या आंत तो परतला. परंतु सहा सामन्यांनंतर त्याच पायाच्या गुडघ्याचें हाड मोडलें. केव्हिन ड्यूरंट यास जून २०१९ मध्यें हीच दुखापत झाली. तो सुमारें दीड वर्ष थांबला, व २०२१ सालीं टोकियोस सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत सर्वाधिक गुण त्याचेच होते.

शस्त्रक्रिया अवश्यच आहे काय? नॉर्वेंत ५२६ रोग्यांवर झालेल्या परीक्षेचा निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेले व न झालेले, दोघांचीही प्रगति वर्षाअखेर सारखीच आढळली. शस्त्रक्रियेवांचून कंडरा पुन्हा तुटण्याचें प्रमाण शेंकडा ६.२, तर शस्त्रक्रियेनंतर ०.६ होतें, मात्र शस्त्रक्रियेंत मज्जातंतूंस इजा अधिक झाली. उपाय कोणताही असो, पुढील व्यायाम अनेक महिने चालवावा लागतो. इतकें करूनही, एका पायावर उभें राहून टांच पूर्वीइतकी उंच उचलणें पुष्कळांस वर्षानंतरही साधत नाहीं.