गाडीचे आकडे बोलके कसे होतील?

मोटारशर्यतीचे व्हिडिओ गेम तुमच्यापैकी पुष्कळजण खेळतात. गाडी निवडणे, रंग निवडणे येथपर्यंत सगळे उत्साहाने चालते. पण ‘ट्यूनिंग’चा पडदा उघडला की बहुतेक मुले पुढे जाण्याचे बटण दाबतात, नाहीतर कुणीतरी सांगितलेले आकडे जसेच्या तसे भरतात. यात खेळणाऱ्याचा दोष थोडा, आकडे मांडणाऱ्याचा जास्त, असे आमचे मत आहे. त्या पडद्यामागे पदार्थविज्ञानाचा चांगला धडा दडलेला आहे आणि वाईट मांडणीमुळे तो वाया जातो.

गाडीची बारीकसारीक जुळणी खेळणाऱ्याच्या हाती देणाऱ्या गेमपैकी सर्वांत गाजलेला म्हणजे ‘ग्रॅन टुरिस्मो’. काझुनोरी यामाउची यांच्या चमूने केलेला हा गेम १९९७ साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला. स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गिअर, चाकांचा कल असे सगळे त्यात बदलता येई. पण या मालिकेच्या सुरुवातीच्या गेममध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बरला नुसत्या १ ते १० पायऱ्या होत्या. पाच म्हणजे पाच काय? प्रगतिपुस्तकात एकक न लिहिता ‘उंची ५’ लिहिल्यासारखे झाले! चाकाचा वरचा भाग आत झुकला तर त्या कलाला ऋण कॅम्बर म्हणतात. तोही तेथे धन आकड्यात दाखवत. म्हणजे नवशिक्याचा गोंधळ ठरलेला.

आता नुसते एकक लिहून भागते का ते पाहू. समजा पडद्यावर लिहिले आहे, ‘स्प्रिंग : ६ किलो प्रति मिलिमीटर’. याचा अर्थ, स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ६ किलोचा भार लागतो. स्प्रिंग थेट चाकावर बसवली आहे असे धरू. एका हलक्या गाडीच्या चाकावर ३०० किलो भार आहे, तर स्प्रिंग ५० मिलिमीटर दबेल. दुसऱ्या जड गाडीच्या चाकावर ४५० किलो आहे, तेथे तीच स्प्रिंग ७५ मिलिमीटर दबेल. आकडा एकच, पण पहिली गाडी कडक आणि दुसरी मऊ.

यावर अभियंत्यांचा उपाय सोपा आहे. गाडी दाबून सोडली आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरने तिला आवरले नाही, तर ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, ते सांगायचे. ही तिची नैसर्गिक वारंवारता, हर्ट्झमध्ये. १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरांच्या वर्गमूळाने भागा : पहिल्या गाडीचे उत्तर सुमारे २.२ हर्ट्झ येईल, दुसरीचे १.८. घरच्या मोटारीचे उत्तर साधारण १ ते १.५ असते आणि शर्यतीच्या गाडीचे २ च्या वर जाते. आता दोन निरनिराळ्या गाड्यांची तुलना करता येते. २०२२ साली आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ मध्ये स्प्रिंगचा आकडा हर्ट्झमध्येच देतात. हा बदल आम्हांला फार योग्य वाटतो. मात्र आकड्याशेजारी ‘घरची गाडी’ आणि ‘शर्यतीची गाडी’ अशा दोन खुणा असत्या, तर शिक्षकाची गरजच उरली नसती.

गिअरचेही तसेच. ‘तिसरा गिअर १.५००’ यावरून काय कळणार? इंजिनाचे मिनिटाला कमाल ७००० फेरे, शेवटचे गुणोत्तर ४ आणि टायरचा घेर २ मीटर धरा. ७००० ला ६ ने भागून २ ने गुणले की मिनिटाला सुमारे २३३३ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर होतात. गाडी वळणातून १४५ ने बाहेर पडत असेल, तर हा गिअर तेथे अपुरा पडणार, हे आता उघड आहे. म्हणून गुणोत्तराशेजारी त्या गिअरचा कमाल वेग लिहिलेला असावा. आलेख तर हवाच.

‘फोर्झा’ मालिकेने टायरच्या बाबतीत चांगले काम केले. तेथे टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान वेगवेगळे दिसते. वळणात आतला भाग फार तापला तर चाक जास्त कललेले आहे. मधला तापला तर हवा जास्त आहे. अडचण अशी, की हे आकडे गाडी पळत असताना दिसतात. भर वळणात आकडे वाचायचे की स्टिअरिंग सांभाळायचे? आणि थांबून दुरुस्तीच्या पडद्यावर जावे, तर ते आकडे समोर नसतात. शेवटच्या फेरीचे तापमान कॅम्बरच्या पट्टीशेजारीच दाखवले तर निम्मे काम होईल. शिवाय असे काही केवळ लाल-हिरव्या रंगाने दाखवू नये. हे दोन रंग वेगळे न ओळखता येणे मुलांमध्ये मुलींपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. रंगाबरोबर आकडा हवाच.

खऱ्या शर्यतीत अभियंते दोन फेऱ्यांचे आलेख एकावर एक ठेवतात. आडव्या अक्षावर वेळ नव्हे, तर ट्रॅकवरचे अंतर घेतात. वेळ घेतली तर दहाव्या सेकंदाला एक गाडी वळणात आणि दुसरी अजून सरळ रस्त्यावर असेल, मग तुलना कशाची करणार? अंतर घेतले की त्याच वळणावर कोणी ब्रेक आधी दाबला ते स्पष्ट दिसते. ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा गेम ऑस्ट्रेलियाच्या मोटेक कंपनीच्या अशा सॉफ्टवेअरमध्ये उघडता येणारी नोंद साठवतो. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ७’ (२०१७) पासून गाडीची माहिती दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची सोय झाली. पण ही वाट जाणकारांची. आठवीतला मुलगा तिकडे कशाला वळेल?

आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. तेथे खऱ्या गाड्या धावतात आणि त्यांच्या नोंदी याच शास्त्राने वाचाव्या लागतात. तुम्हांला घरी सुरुवात करायची असेल तर वही घ्या. एका वेळी एकच आकडा बदला, तीन फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीची वेळ लिहा. तीन वेळांमधला फरक बदलाच्या परिणामापेक्षा मोठा निघाला, तर तो गुण गाडीचा नव्हे, तुमच्या हाताचा समजावा.