सामूहिक ई-मेल आणि प्रेषकाची पत

परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीची अंतिम तारीख, प्रवेशाची गुणवत्ता यादी अशा सूचना विद्यार्थ्यांना ई-मेलने कळविण्याची पद्धत महाविद्यालयांत आता रूढ झाली आहे. कार्यालयाच्या नोंदीत 'पाठविले' असा शेरा पडला की काम संपले असे मानले जाते. मुदत टळल्यावर मात्र विद्यार्थी येऊन सांगतो की, आपल्याला काहीच मिळाले नाही. पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी ई-मेलच्या वहनाकडे पाहावे लागते. या वहनाचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. पाठविणारा सर्व्हर पत्र सादर करतो आणि घेणारा सर्व्हर अंकांनी उत्तर देतो. ४ ने सुरू होणारा अंक आला तर अडचण तात्पुरती, ५ ने सुरू होणारा आला तर नकार कायमचा, आणि २५० आला तर पत्र स्वीकारले गेले. पण २५० ही केवळ दारावर मिळालेली पोच होय. पत्र पुढे इनबॉक्समध्ये पडले की स्पॅमच्या कप्प्यात, हे त्या अंकावरून कळत नाही. 'पाठविले' हा शेरा फार तर एवढ्या पोचेपुरता खरा असतो.

या नियमांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नव्हती. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र धाडू शके. पुढे नको असलेल्या पत्रांचा पूर आला, तेव्हा प्रथम काळ्या याद्या निघाल्या. पॉल व्हिक्सी यांची यादी १९९७ मधली, तर स्पॅमहाउस ही संस्था १९९८ मधली. या याद्या मुख्यतः सर्व्हरच्या आयपी क्रमांकावर आधारलेल्या होत्या. त्यानंतर ओळखीची साधने आली. एसपीएफमुळे डोमेनचा मालक आपली पत्रे कोणत्या सर्व्हरवरून निघतील हे जाहीर करतो. डीकेआयएम पत्रावर डिजिटल सही करते. डीमार्क वाचकाला दिसणारे नाव आणि ही ओळख जुळते की नाही हे तपासावयास लावते आणि न जुळल्यास काय करावे हेही सांगते.

मात्र ओळखपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. सही खरी ठरली तर एवढेच सिद्ध होते की पत्र त्या डोमेनचे आहे. ते डोमेन आजवर कसे वागले, हा प्रश्न वेगळा आणि त्याचे उत्तर म्हणजेच प्रेषकाची पत. सही पक्की झाल्यामुळे ही पत क्रमांकाइतकीच, किंबहुना अधिक, नावाला चिकटली. याचा एक परिणाम महाविद्यालयांच्या ध्यानात फारसा येत नाही. माजी विद्यार्थी संघाने दहा वर्षांपूर्वीच्या यादीवर धाडलेले स्नेहमेळाव्याचे निमंत्रण आणि परीक्षा विभागाची सूचना एकाच नावावर निघत असतील, तर दोघांचे खातेही एकच राहते. निमंत्रणाने गमावलेली पत सूचनेला भोवते.

पत किती नाजूक असते हे आकड्यांवरून दिसते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रेषकांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला सुमारे ५,००० पत्रे धाडणाऱ्यास वरील तिन्ही साधने सक्तीची झाली. ही मर्यादा एकदा जरी गाठली तरी त्या डोमेनची गणना कायमची मोठ्या प्रेषकांत होते. निकालाच्या एका दिवसानेही हे घडू शकते. वाचकांनी 'स्पॅम' म्हणून नोंदविलेल्या पत्रांचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, अशी अपेक्षा आहे. म्हणजे २,००० पत्रांमागे सहा विद्यार्थ्यांनी ते बटण दाबले की धोक्याची रेषा गाठली.

हे प्रमाण गूगलच्या पोस्टमास्टर टूल्सवर पाहता येते. पत्रे अगदी थोडी असतील तर तेथे आकडे दिसत नाहीत. पण येथे एक फसगत संभवते. हे प्रमाण इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या पत्रांवर काढले जाते. समजा २,००० पैकी बहुतेक पत्रे आधीच स्पॅमच्या कप्प्यात गेली, तर तक्रार करावयास कोणी उरतच नाही आणि आकडा शून्यावर येतो. पत पार बुडालेली असताना तक्ता निर्मळ दिसतो! पत्र किती जणांनी उघडले, हा आकडाही आता भरवशाचा राहिलेला नाही. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये पत्रातील चित्रे आपोआप आधीच उतरवून घेण्याची सोय दिली आणि न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाऊ लागले. म्हणून कोणताही एक आकडा एकटा वाचू नये. सूचना धाडण्यापूर्वी जीमेल, याहू आणि आउटलुक येथे एकेक खाते स्वतः उघडून, त्यांवर तीच सूचना पाठवून ती कोठे पडते हे डोळ्यांनी पाहणे, हा जुना उपाय अजूनही उपयोगी आहे.

पत सुधारण्याची सुरुवात यादीपासून करावी लागते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून आरंभ केला. त्यामुळे जुन्या याद्यांतील कित्येक पत्ते आता अस्तित्वातच नसावेत. अशा पत्त्यांवर वारंवार धाडणे हे निष्काळजी प्रेषकाचे लक्षण मानले जाते. काही सोडून दिलेले पत्ते तर सापळे म्हणून मुद्दाम चालू ठेवलेले असतात. ५५० असा नकार आलेला पत्ता त्याच आठवड्यात वगळावा. निमंत्रणे व वार्तापत्रे वेगळ्या उपडोमेनवरून धाडावीत आणि त्यांतून नाव काढून घेण्याची सोय ठळक ठेवावी. नकाराची पत्रे ज्या पेटीत येऊन पडतात ती उघडण्याचे काम मात्र बहुतेक कार्यालयांत कोणाकडेच सोपविलेले नसते. ते एका लेखनिकाच्या नावे लेखी नेमून द्यावे.