डोळे बरोबर, उत्तर चूक: खोटा फीडबॅक नेमकं काय बिघडवतो?

आजचा प्रश्न असा: तुम्हाला दिसतंय 'डावीकडे', पण स्क्रीन सारखी म्हणतेय 'चूक, उजवीकडे'. असं तासभर चाललं, तर तुमचं दिसणंच बदलेल का?

आधी टेस्ट समजून घेऊ. एकाखाली एक अशा दोन छोट्या उभ्या रेघा. खालची रेघ किंचित डावीकडे सरकलीय की उजवीकडे, एवढंच सांगायचं. ही व्हर्नियर टेस्ट. हो, लॅबमधल्या व्हर्नियर कॅलिपरवर आपण रेघा जुळवायचो, तेच कौशल्य. यात आपण भारी आहोत. डोळ्याच्या पडद्यावरच्या दोन शेजारच्या पेशींमधल्या अंतराहूनही बारीक फरक आपल्याला कळतो. आणि सरावाने नजर आणखी तयार होते. याला म्हणतात पर्सेप्च्युअल लर्निंग.

मायकेल हर्झोग आणि मॅनफ्रेड फाले या संशोधकांनी या सरावातला फीडबॅकच बिघडवून पाहिला. १९९७ च्या त्यांच्या पेपरमध्ये काही जणांना उत्तराशी काहीच संबंध नसलेला, म्हणजे रँडम, फीडबॅक मिळाला. त्यांची प्रगतीच झाली नाही. उलट, प्रत्येक उत्तराला बरोबर-चूक न सांगता बऱ्याच प्रश्नांनंतर फक्त एकूण स्कोअर सांगितला, तरी लोक शिकले.

१९९९ मध्ये त्यांनी काही ठरावीक रेघांसाठी मुद्दाम उलटा फीडबॅक दिला. लोकांची उत्तरं त्या बाजूला झुकली. पण खरा फीडबॅक सुरू होताच ती पटकन जागेवर आली. इथेच गंमत आहे. नजर तयार व्हायला हजारो वेळा सराव लागतो, ती अशी झटक्यात मागे-पुढे होत नाही. म्हणजे बदललं ते दिसणं नव्हे, तर 'किती सरकली की डावीकडे म्हणायचं' ही मनातली सीमारेषा. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेल तेच राहिलं, फक्त थ्रेशोल्ड हलला.

मग खोटा फीडबॅक नेहमी वाईटच का? तसंही नाही. २००९ मध्ये जपानमधल्या शिबाता आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांची प्रगती खऱ्यापेक्षा जास्त दाखवली, तर ते खरा फीडबॅक मिळणाऱ्यांपेक्षा जास्त शिकले. फरक लक्षात घ्या: इथे कुठलं उत्तर बरोबर, याबद्दल दिशाभूल नव्हती. फुगवला होता तो प्रगतीचा आकडा.

आता हे आपल्या फोनवर आणून बघा. एखादं ॲप 'वा, मस्त!' म्हणत स्ट्रीक वाढवत असेल, तर हुरूप येतो, ठीक आहे. पण एक्स-रे वाचायला किंवा सूर ओळखायला शिकताना आन्सर कीच चुकीची असेल, तर तुमचं उत्तर सरकतं, आणि सरकलेलं तुम्हाला जाणवेलच असं नाही. म्हणून सराव करताना शाबासकी कुणाचीही घ्या, पण आन्सर की मात्र दुसरीकडे पडताळून बघा. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे.

भेटू पुढच्या भागात!