पुन्हा गर्भपात : समज आणि वस्तुस्थिती

एकाहून अधिक वेळा गर्भपात करून घेणारी स्त्री निष्काळजी, बहुधा अविवाहित असते, असे सर्रास मानले जाते. भारतात गर्भपात करून घेणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया मात्र विवाहित असतात. दोनच मुले हवी असतील, तर जोडप्याला पंचवीस-तीस वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. निरोध नेहमीच्या सवयीने वापरणाऱ्या जोडप्यांत वर्षभरात शंभरातल्या सुमारे १३ स्त्रियांना दिवस जातात. एवढ्या काळात साधन एकदाच फसेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तांबी बसवलेल्या जेमतेम २ टक्के. दोन मुलांत अंतर ठेवण्याची भिस्त मग निरोध, गोळ्या आणि दिवस मोजण्यावर राहते.

वाढते वय आणि जास्त मुले यांचा पुन्हा गर्भपाताशी संबंध अभ्यासांत दिसतो, पण त्याला कारण समजू नये. वय वाढले की नको असताना दिवस जाण्याची वर्षेही वाढलेली असतात. जोडीदाराची मारहाण हा घटक अधिक बोलका आहे. साधन वापरायचे की नाही, हे अशा घरात बाईच्या हाती नसते. मुलग्याचा हट्ट आणि १९९४ च्या कायद्याने बंदी असलेले लिंगनिदान यांतूनही काहींवर पुन्हा पुन्हा ही वेळ येते.

पाळी येईपर्यंत पुन्हा दिवस जात नाहीत, हा समज महागात पडतो. गर्भपातानंतर दोन-तीन आठवड्यांत, कधी त्याआधीही, बीजांड सुटते. गर्भनिरोधक गोळ्या त्याच दिवशी सुरू करता येतात, पिशवी रिकामी केल्यावर तांबीही लगेच बसवता येते. पण २०१५ मधील अंदाजे १.५६ कोटी गर्भपातांपैकी जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले. औषधाच्या दुकानात हे कोण सांगणार?

सुरक्षित गर्भपाताने वंध्यत्व येत नाही. धोका असतो तो जंतुसंसर्गाचा, आणि धारदार उपकरणाने वारंवार केलेल्या क्युरेटिंगचा. जागतिक आरोग्य संघटना ते टाळून निर्वात पद्धत सुचवते.

कितव्यांदा, याला १९७१ च्या गर्भपात कायद्यात मर्यादा नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची सही लागत नाही. नसबंदी किंवा तांबीची अटही घालता येत नाही.