आकडा टाकणारी पोरं

आकडा टाकणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बांबूच्या टोकाला वाकवलेली तार बांधायची, अंधार पडला की ती खांबावरच्या उघड्या तारेला अडकवायची आणि घरातला बल्ब नाहीतर शेतातली मोटर सुरू करायची. शहरातल्या माणसाला आकडा म्हटलं की संख्या आठवते, जुन्या मुंबईकराला मटका. बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगमध्ये मोठ्या झालेल्या इथल्या पोराला मात्र तारच आठवते. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे शेतकरी नाटककार राजकुमार तांगडे यांनी या वीजचोरीवर नाटक लिहिलं आणि त्याला नावही तेच दिलं: ‘आकडा’. गावातल्या मंडळींनी ते केलं. मला हे नाव नुसत्या नाटकाचं वाटत नाही, ते करण्याच्या रीतीचंही वाटतं. वीज रीतसर येत नाही ना, मग आपणच तार टाकू. जालन्यात तरुणांचं नाटक असंच उभं राहिलं आहे.

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातलं गाव. १६०८ सालच्या रामनवमीला इथे ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, पुढे तोच समर्थ रामदास झाला. गावाच्या नावातलं ‘समर्थ’ तिथून आलं. २०२२ मध्ये इथल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा राज्यभरच्या वर्तमानपत्रांत गावाचं नाव झळकलं, दोनेक महिन्यांत मूर्ती सापडल्याचंही छापून आलं. पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांना मात्र हे गाव त्याआधीच ठाऊक झालं होतं.

जिल्हा तसा वयाने लहान, १ मे १९८१ चा. औरंगाबादेतून आणि परभणीतून तालुके काढून तो केला, आज तालुके आठ. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण जुन्या बाजारपेठेची. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली, बियाण्यांचा धंदा वाढला, पाठोपाठ लोखंडाच्या सळयांचे कारखाने आले. सळई आणि बियाणं जालन्याहून देशभर जातं. नाटक मात्र जालन्यात बाहेरून यायचं, तेही वाट चुकल्यासारखं कधीमधी. घनसावंगीच्या पोराने व्यावसायिक नाटक बघायचं ठरवलं, तर तिकिटापेक्षा एसटीचं भाडं जास्त, आणि प्रयोग संपल्यावर परतीची गाडी नाही. ज्याने नाटक बघितलंच नाही, त्याला ते करायचं झालं तर नक्कल करण्यासाठीही समोर काही नसतं. हे नुकसान आहेच. पण जांबच्या बाबतीत त्याचा एक फायदाही झाला. दिवाणखाना, सोफा, फोन वाजला की उलगडणारं रहस्य, यातलं काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. शिरला तो विजेचा खांब.

पुण्याचे दिग्दर्शक अतुल पेठे यांना जांबची मंडळी लागली ती ‘दलपतसिंग येती गावा’साठी. नाटक मकरंद साठे यांचं, विषय माहितीच्या अधिकाराचा आणि मुळाशी राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचा लढा. १ मे १९९० ला स्थापन झालेल्या या संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, मोठ्याने वाचायचं, आणि ज्याचं नाव त्यात आहे त्याला सगळ्यांसमोर विचारायचं: बाबा, एवढे दिवस तू काम केलंस का, एवढे पैसे तुला मिळाले का? मेलेल्यांच्या नावाने मजुरी उचलल्याचं या वाचनांतून निघालं. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं, आणि वाट काढत काढत ऑक्टोबर २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला.

या नाटकासाठी पुण्यात तयार नटांना काय तोटा होता? त्यांनी धोतर नेसलं असतं, राजस्थानी पागोटंही बांधलं असतं. पेठे यांनी घेतली ती जांब समर्थची माणसं, शेतात राबणारी. निवड अचूक होती, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं सुरू झाली, १९७७ मध्ये त्यांचा कायदा झाला. खडी फोडणं, बंडिंग, पाझर तलाव, मुकादम, हजेरी, खोटं मस्टर हे मराठवाड्याच्या तीन पिढ्यांचं अनुभवविश्व आहे. ‘मस्टर’ हा शब्द पुण्याचा नट संहितेतून शिकतो, जांबचा माणूस तो आईच्या तोंडून ऐकून आलेला असतो. पुढे पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ केलं, त्यामागेही मला हाच विचार दिसतो.

मग २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तले फाळके म्हणून प्रेक्षक नंदू माधवांना ओळखत होते. ते बीड जिल्ह्यातल्या गेवराईचे, म्हणजे जांबच्या मंडळींचे शेजारीच. गोष्ट सरळ आहे आणि खट्याळही. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, नेतोही, पण त्यांचे विचार खालीच राहतात. ते आणायला त्याला परत पाठवलं जातं, हातात जिरेटोप देऊन. हा ज्याच्या डोक्यात बसेल तो माणूस शोध. यम शोधत शोधत भीमनगर मोहल्ल्यात पोहोचतो. महाराजांवर मालकी सांगणाऱ्या सगळ्यांची डोकी या टोपाखाली मापून निघतात.

हे नाटक महाराष्ट्रभर फिरलं, शेकडो प्रयोग झाले. ज्या वर्षी ते रंगमंचावर आलं त्याच वर्षी जालन्याला दुष्काळाने गाठलं. २०१२-१३ मध्ये जालना शहर टँकरवर जगत होतं आणि घनसावंगी-अंबडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. झाड वाचवायला विकतचं पाणी घालायचं की कुऱ्हाड, एवढाच प्रश्न उरला होता. नाटकातली बरीच माणसं जालना जिल्ह्यातली, शेतकऱ्यांच्या घरची. त्या हंगामात विंगेत उभं राहून गावाकडचा फोन घेणाऱ्या नटाच्या मनात काय चाललं असेल, याचा अंदाज मोसंबीची बाग असणाऱ्याला सांगावा लागणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. तरुणांनी नाटकसंस्था चालवावी, त्यांना निर्णयात घ्यावं, असं हल्ली सगळीकडे बोललं जातं. जांबच्या मंडळींना कोणी ‘घेतलं’ नव्हतं. त्यांच्या वर कोणी बसलेलंच नव्हतं. नाटक लिहिणारा गावातला, करणारे गावातले, मांडव घालणारे आणि सतरंज्या झटकणारेही तेच. पेठे आणि नंदू माधव बाहेरून आले ते आधीच चालू असलेल्या कामात. हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला नाटक सर निवडायचे, भूमिका सर वाटायचे, बक्षीसही सरच स्वीकारायचे आणि आम्ही पडदा ओढायचो. पडदा ओढायला मला आवडायचं, हा भाग वेगळा.

मराठी रंगभूमीवर तरुणांनी कारभार हातात घेतल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग पुण्यातला. १६ डिसेंबर १९७२ ला प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’ आणलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या धुरीणांनीच ते थांबवलं. नाटक करणारी पोरं बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ ला त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. दिग्दर्शक जब्बार पटेल तिशीचे, मोहन आगाशे पंचविशीचे, सतीश आळेकर चोवीस वर्षांचे. जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं आणि १९८० मध्ये युरोपात जाऊन आलं. या इतिहासातली कला सगळे सांगतात, मला त्यातला कारभार मोलाचा वाटतो. जुन्या संस्थेत असतानाही दिग्दर्शन, संगीत, अभिनय सगळं तरुणांच्याच हातात होतं. प्रयोग लावायचा की नाही, एवढं एकच त्यांच्या हातात नव्हतं, आणि नाटक अडलं तिथेच. याच अकॅडमीने पुढे १९८५ ते १९९४ या काळात नव्या नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाटकमंडळींसाठी योजना चालवल्या, तेही आठवतं.

मराठवाड्यात याहून जुना धागा आहे. १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ विद्यार्थ्यांनी केलं, प्रेक्षकांत खुद्द बाबासाहेब आंबेडकर होते. पुढल्या वर्षी धर्मांतराच्या वेळी नागपुरात ते अफाट गर्दीसमोर झालं. मिलिंदच्या नागसेनवनातून निघालेली ती वाट भीमनगर मोहल्ल्याशी येऊन मिळते, असं म्हटलं तर फार ताणलं असं कोणी म्हणू नये.

आजची वाट महाविद्यालयातून जाते. जालना डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतं आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव ही इथल्या पोरापोरींची खरी नाट्यशाळा. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नक्कल, भारूड, पोवाडा. वसतिगृहाच्या गच्चीवर तालीम, भाड्याच्या जीपमध्ये नेपथ्य. या घाईत दिग्दर्शक असतो तृतीय वर्षाचा मुलगा, हिशेबाची वही असते द्वितीय वर्षाच्या मुलीकडे, आणि दोघंही आपण संस्था चालवतोय हे न जाणता ती चालवत असतात. पदवी मिळाली की सगळं संपतं. पुढे ज्याच्यात दम आहे तो मुंबईची गाडी धरतो. औरंगाबादच्या पोरांनी उभी केलेली ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच वाटेने मुंबईला गेली आणि प्रशांत दळवी-चंद्रकांत कुलकर्णी या जोडीने १९९१ मध्ये ‘चारचौघी’ दिलं. जालना जिल्ह्यातले कैलास वाघमारे ‘शिवाजी अंडरग्राउंड’मधून पुढे ‘तान्हाजी’ चित्रपटापर्यंत पोहोचले. जाणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, पोट कोणाला चुकलंय? पण त्याच्या मागे राहिलेल्या तालमीच्या खोलीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न राहतोच.

त्याचं एक उत्तर ठाण्यात दिसतं. नाटककार रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांतली मुलं आपल्याच जगण्यावर नाटिका रचतात आणि करतात. मतकरी २०२० मध्ये गेले, उपक्रम थांबला नाही. संस्थापक गेल्यावर चालू राहिलेली नाटकाची संस्था आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे नाटकवाल्यांना विचारा.

जालन्यात असं काही टिकवायचं तर कागदाला भिडावं लागेल. संस्था नोंदवायची ती १८६० च्या कायद्याखाली, त्याला किमान सात माणसं लागतात, सज्ञान. मग धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, बँकेत दोघातिघांच्या सह्या. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेगळंच. सतरा वर्षांची मुलगी नाटक लिहू शकते, बसवू शकते, अख्खा वर्ग मुठीत ठेवू शकते, पण संस्थेच्या चेकवर सही करू शकत नाही. इंग्लंडमध्ये कंपनी म्हणून नोंदलेल्या धर्मादाय संस्थेवर सोळाव्या वर्षी विश्वस्त होता येतं. आपल्याकडे कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण अठरा पूर्ण झाल्यावरही त्या सात नावांत तरुण नाव येत नाही, याला कायदा जबाबदार नाही. सात नावांत एक डॉक्टर, एक वकील, एक व्यापारी, दोन निवृत्त प्राध्यापक आणि उरलेले त्यांचे मित्र, हे चित्र जालन्यापुरतं नाही. नाटक मात्र ज्यांनी करायचं त्यांची नावं पत्रिकेत शेवटी, ‘इतर कलाकार’ म्हणून.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या गावात नाट्यमंडळ असेलच. या दिवाळीत त्याच्या कार्यकारिणीची यादी मागून घ्या आणि त्यातल्या सर्वांत लहान सदस्याचं वय विचारा. ते चाळिशीच्या पुढचं निघालं, तर पुढच्या वार्षिक सभेला एक जागा रिकामी करून मागा, खजिनदाराची.